वरचा कप्पा, खालचा कप्पा

रजिस्टरवर विश्वास ठेवायचा झाला, तर अख्ख्या हिंगणघाट तालुक्यात मेघाएवढी विद्वान बाई दुसरी नव्हती. एका वर्षात अठ्ठावन्न पुस्तकं. त्यांत ‘विवेकमीमांसा’चे पाचही खंड, आणि तिसरा खंड तर दोनदा. एवढं सगळं चौदा महिन्यांची नंदिनी कडेवर असताना! जिला धड जेवायला मिळत नाही, जिचे केस दोन-दोन दिवस विंचरायचे राहतात, ती बाई खंडांमागून खंड रिचवते म्हणजे काय चेष्टा आहे?

चेष्टाच होती. त्यातला एकही खंड मेघानं वाचलेला नव्हता.

त्याचं असं झालं. गावातल्या विहाराला लागून एक खोली आहे, तिथे वाचनालय. एकच लोखंडी कपाट. वरच्या चार कप्प्यांत विचार, आणि जमिनीला टेकलेल्या पाचव्या कप्प्यात गोष्टी. खून, भुतं, प्रेमप्रकरणं, हरवलेले वारस. वर्ध्याचे एक कंपाउंडर म्हातारपणी मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा त्यांनी आपला सगळा साठा गाडीत घालून पाठवून दिला होता. देणगी परत कशी करायची म्हणून तो खाली ठेवून घेतला. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे मेघाचे सासरे, भैयाजी मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक. दर रविवारी वंदना झाली की ते चष्मा पुसायचे, रजिस्टर उघडायचे आणि आठवड्यात कोणी काय नेलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. वजनदार पुस्तक असलं की नावापुढे लाल पेनानं बरोबरची खूण. नसलं की नुसतं चष्म्यावरून बघणं. खूण पुसता येते, बघणं पुसता येत नाही.

तीन वर्षांमागे अशाच एका रविवारी त्यांनी वाचलं, “मयुरी. पुस्तकाचं नाव, ‘वकिलीणबाईंचा दुसरा नवरा’.” एवढं म्हणून ते थांबले आणि त्यांनी बघितलं. अख्खा विहार हसला. मयुरीचं लग्न ठरायचं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या आईला तिघीजणींनी विचारलं, “काय वं, पोट्टी पहिल्याच्या आधीच दुसरा पाहून राह्यली का?” मयुरी त्यानंतर वाचनालयाची पायरी चढली नाही.

ती बात कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या जिजाबाईंच्या मनाला फार लागली. जिजाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरी होत्या, आणि खालचा कप्पा त्यांनी तीनदा वाचून काढला होता. त्यांनी आपल्यापुरता कायदा केला. पुस्तक खालच्या कप्प्यातलं न्यायचं, नाव वरच्या कप्प्यातलं लिहायचं.

“मावशी, हे खोटं होते ना?” मेघानं नवी नवरी असताना भीत भीत विचारलं होतं.

“खोटं कायचं? तू पुस्तक नेलं का नाई? नेलं. मी लिहिलं का नाई? लिहिलं. आता कोनतं नेलं आन् कोनतं लिहिलं, ते कपाटाच्या पोटातली गोष्ट. नवऱ्याले तरी सारं सांगतं का आपन?”

 मेघानं ‘सातव्या मजल्यावरचं मांजर’ पदराखाली घातलं, आणि रजिस्टरवर तिच्या नावापुढे ‘विवेकमीमांसा, खंड पहिला’ चढला. रविवारी भैयाजींनी ते वाचलं. चष्मा काढला. पुन्हा घातला. लाल खूण केली ती अशी लांबलचक, की खालच्या दोन ओळींतून गेली.

तेव्हापासून घरात दुपार झाली की एक कार्यक्रम ठरलेला. नवरा, नागसेन, पंचायत समितीत कारकून, तो सकाळीच हिंगणघाटला गेलेला. भैयाजी जेवून विहारात. नंदिनी झोळीत. मग ओसरीवर सासूबाई, शोभाबाई, सूप घेऊन तूर निवडायला बसायच्या आणि मेघा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. शोभाबाईंना वाचता येत नव्हतं, पण ऐकणं असं, की निवडता निवडता हात थांबायचा आणि खडे डाळीत परत जायचे. सध्या त्यांच्यासाठी मेघानं ‘सातव्या मजल्यावरचं मांजर’ पुन्हा आणलं होतं.

“थांब थांब. तो वकील खोटं बोलून राह्यला.”

“तुमाले कसं समजलं, आई?”

“तो पानी पिऊन बोलते. खरं बोलनाऱ्याले तहान नाई लागत.”

गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की पुस्तक तुरीच्या डब्यात आणि दाखवायला आणून ठेवलेला विवेकमीमांसाचा पहिला खंड मेघाच्या मांडीवर. ही अदलाबदल दोघींच्या हाताला इतकी बसली होती की एकदा डबा उघडून शोभाबाईंनी भैयाजींच्या देखत आमटीला डाळ काढली, तरी प्रेतासकट सगळं जागच्या जागी राहिलं.

भैयाजी येताना सुनेला वाचताना बघायचे आणि चप्पल आवाज न करता काढायचे. मेघाला त्या चपलांचंच वाईट वाटायचं.

असं सुरळीत चाललं होतं. वर्षावास संपत आला, म्हणजे विहारात रोज संध्याकाळी चालणारं ग्रंथवाचन आटोपायला आलं, आणि समारोपाच्या रविवारी वाचनालयाचा कार्यक्रम ठरला. भैयाजी घरी आले ते हातात कागद नाचवतच.

“मेघा! बस. उभी राहू नको, बस. समितीनं या वर्षीपासून उत्कृष्ट वाचक पुरस्कार ठेवला आहे. रजिस्टर पाहिलं. एकमतानं तुझं नाव. मी अध्यक्ष म्हणून गप्प बसलो होतो, अण्णाजींनीच सुचवलं.” भैयाजी खुशीत असले की शाळेतलं शुद्ध बोलायचे. “तिसरा खंड तू दोनदा नेलास. त्यावर पाच मिनिटं बोलायचं.”

मेघाच्या हातातली वाटी नंदिनीच्या तोंडाऐवजी नाकाशी गेली.

“आणि दुसरी गोष्ट. विवेकमीमांसाला मागणी इतकी, की आणखी दोन संच मागवतोय. जागा लागेल. तेव्हा तो खालचा कप्पा रिकामा करायचा. तीन वर्षांत त्यातलं एक पुस्तक कोणी नेलेलं नाही! बंडूजींना सांगितलं आहे, कार्यक्रमाच्या दिवशीच काटा घेऊन येतील.”

बंडूजींचं अल्लीपूरला किराणा दुकान होतं. तिथे शेंगदाणे आणि फुटाणे ज्या पुड्यांत मिळायचे, त्या पुड्या कशाच्या असतात हे मेघाला माहीत होतं. सातव्या मजल्यावरचं मांजर फुटाण्यांसाठी जाणार होतं. आणि कोणामुळे? जिनं ते चोरून नेलं आणि खंड लिहून घेतला, तिच्यामुळे. आपणच वाचलं, आणि आपणच कोणी वाचत नाही असा पुरावा करून ठेवला. तुरीच्या सुपापाशी शोभाबाईंचा हात थांबला होता, तो पुढे गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मेघा वाचनालयात धावली.

“मावशी, काही करा.”

“काय करू? गावातल्या साऱ्या बायका विवेक वाचून राह्यल्या, तं मी काय करू?” जिजाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “मलेच अक्कल नोती. खंड बदलून बदलून लिहाले पाह्यजे होतं. तिसरा जवळ पडे हाताले, तं साऱ्याइले तिसराच चढवला. चौतीसदा गेला तो, कपाटातून न निंगता!”

“मंग मी बाबांना खरं सांगून टाकू का?”

“सांगजो. पन आधी हे ध्यानात ठेवजो. तुया एकटीचं नाव नाई निंगत. साऱ्याइचं निंगते. मयुरीच्या मायले आता कुठं लोकं इचारनं बंद झाले.”

हातात काय घ्यावं म्हणून मेघानं खंड तिसरा खरोखरच घरी आणला. भाषण तरी होईल. नंदिनीला पायांवर घालून झोपवता झोपवता तिनं तो उघडला. प्रस्तावना होती. ‘विवेक हा दिव्यासारखा नसून वातीसारखा असतो.’ हे वाक्य तिला पाठ होतं, भैयाजी प्रत्येक भाषणात म्हणायचे. सोळाव्या पानापर्यंत ती डुलक्या खात पोचली, सतरावं उलटायला गेली, आणि उलटेना. पानं वरच्या कडेनं एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कापायचीच राहिलेली. तिनं पुढे चाळलं. शेवटपर्यंत तसंच. आत डोकावून वाचायचं तर मुंगी व्हावं लागलं असतं.

मेघा एकटीच फिसकन हसली. चौतीसदा गेला, आणि एकीनंही पान उलटलं नाही! हा विचार अजून एक पाऊल पुढे जायचा होता, पण नंदिनीनं डोळे उघडले, आणि आईच्या पदरात जे सापडलं ते तोंडात घातलं. विवेकाचा एक कोपरा ओला झाला.

तिला पुन्हा झोपवायला मेघा आत गेली. झोळीला झोके देता देता ओसरीवरून काही ऐकू आलं. कोणीतरी दगडावरून चालताना पाय तपासत चालावं तसा आवाज.

“मां... ज... मांजरा... च्या. मांजराच्या. ग... ळ्या... त.”

मेघा दारात आली. शोभाबाई सुपापाशी बसल्या होत्या. मांडीवर ‘सातव्या मजल्यावरचं मांजर’. तुरीच्या धुळीनं पिवळं झालेलं बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं, आणि ओठ हलत होते.

“आई?”

शोभाबाई अशा दचकल्या, की सूप पालथं झालं.

“हळू! पोरगी उठन.” मग त्यांचं तोंड लहान पोरीसारखं झालं. “मले नाई थांबवलं गेलं. तू रोज पोरीले निजवाले जातं आन् इकडं मांजराच्या गळ्यात काय होतं ते तसंच राह्यते. म्हनलं, पाहू तं खरं. अक्षरं तं ओळखीचे होतेच. हळूहळू बोलाले लागले.”

“कधीपासून?”

“पोळ्यापासून. एक्केचाळीसव्या पानावर आली मी.” त्यांनी पान दाखवलं. कोपऱ्याला डाळीचा एक दाणा खूण म्हणून ठेवलेला. “वकिलानं नाई मारलं वं त्याले. आपन उगाच त्याच्या पानी पिन्यावर गेलो.”

मेघा तिथेच खाली बसली. खुनी कोण हे तिला पहिल्या वाचनापासून माहीत होतं, पण ते सांगायचं मनातही आलं नाही.

“आई, बाबांना सांगू आपण! किती आनंद होईल त्यांना!”

“खबरदार.” शोभाबाईंनी पुस्तक डब्यात कोंबलं. “लग्न झालं तसं मास्तर मले शिकवाले लागले. पाटी आनली. चांगले चांगले पुस्तकं आनले. रोज संध्याकाळी, ‘वाचा, शोभाबाई.’ मी अडखळली की छडी नाई मारत, रागवत नाई, फक्त एक सुस्कारा टाकत. बापा, त्या सुस्काऱ्यापेक्षा छडी पुरली असती! दोन हजार पोट्टे शिकवले मानसानं आन् घरची बाई राह्यली. मंग मीच म्हनलं, मले नाई येत, सोडा. आता या वयात म्हनू, शिकली मी, तुमच्या पुस्तकातनं नाई, मांजरातनं? नोको. मह्यापाशीच राहू दे.”

शनिवारी जिजाबाई गावभर फिरल्या. खालच्या कप्प्यातली पुस्तकं घरोघरी होती, ती रद्दीआधी कपाटात दिसायला हवी होती. कोणाच्या पिठाच्या डब्यातून प्रेत निघालं, कोणाच्या गादीखालून हरवलेला वारस, आणि एकीनं तर भुताला चक्क देवळीत औषधांमागे ठेवलं होतं. भैयाजींच्या घरी त्या साखर मागायला आल्या आणि रिकाम्या वाटीसह मांजर घेऊन गेल्या. शोभाबाईंनी देताना डाळीचा दाणा आतच राहू दिला.

“राहू दे तिथंच,” त्या म्हणाल्या. “कोनाले तरी समजन, इथंवर कोनी आलं होतं.”

मेघानं त्या संध्याकाळी धीर केला. भैयाजी अंगणात भाषणाची टिपणं काढत होते.

“बाबा, तो खालचा कप्पा राहू दिला तर? कोणी वाचत असेल.”

“रजिस्टर खोटं बोलत नाही, मेघा.” त्यांनी पेन ठेवलं. रागावले नव्हते. उलट हळूच बोलले. “माझ्या बापाकडे भावाचं पत्र यायचं. ते घेऊन तो दुसऱ्याच्या दारी उभा राहायचा. वाचणारा जेवत असला तर तो जेवेपर्यंत. एकदा त्यानं दोन तास उन्हात काढले, आणि पत्रात लिहिलं होतं की सर्व ठीक आहे. त्या माणसाच्या घरात आज सून विवेकमीमांसा वाचते. मिळालेलं अक्षर असल्या गोष्टींवर उधळायचं का? तूच सांग.”

मेघानं पुढचं न सांगताच नंदिनीला उचललं. नंदिनीनं आजोबांचं टिपण ओढलं, आणि त्यांनी ते तिला ओढू दिलं.

रविवारी विहार भरला. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं पुढे सतरंजीवर. दाराशी बंडूजी काटा घेऊन आले होते आणि शेजारी खालचा कप्पा सुतळीनं बांधून चार गठ्ठ्यांत ठेवला होता. बायकांच्या नजरा पुन्हा पुन्हा तिकडे जायच्या. काय बाई तोंडं होती एकेकीची!

वंदना झाली. भैयाजी उठले. विवेक दिव्यासारखा नसून वातीसारखा असतो, हे सांगून झालं. मग सुनेबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा हलला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. “मेघा, पुढे ये. तिसऱ्या खंडावर दोन शब्द बोल.”

मेघा नंदिनीला कडेवर घेऊन उभी राहिली. हातात खंड. तिनं ठरवलं होतं की प्रस्तावनेवरच पाच मिनिटं काढायची, वातीवरून तेलावर आणि तेलावरून बसायचं. तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी बंडूजींनी वेळ वाचवावा म्हणून पहिला गठ्ठा काट्याला लावला. सर्वांत वर मांजर होतं. पानांच्या कडेतून डाळीचा पिवळा दाणा सुटला आणि टणकन फरशीवर पडला. मेघानं बघितलं, शोभाबाईंची नजर त्या दाण्यावर होती.

“बाबा,” मेघा म्हणाली, “हे पुस्तक मी वाचलं नाही.”

भैयाजींनी रजिस्टर उघडलं.

“दोनदा नेलंस ना?”

“एकदाही नाही. मी त्या गठ्ठ्यातली पुस्तकं नेली. सगळी. खून, भूत, सगळं वाचलं. दुसरा नवराही वाचला. नाव खंडाचं लिहून घेतलं, कारण तुम्ही मोठ्यानं वाचता आणि मग बघता. मयुरीताईंकडे बघितलं होतं तसं.” आता थांबायचं तर रडू येईल, म्हणून ती बोलतच राहिली. “तो कप्पा कोणी वाचत नाही हे खोटं आहे, बाबा. तो विकू नका. खोटं मी केलं, शिक्षा पुस्तकांना नको.”

“एकली नोको होऊ वं,” मागून आवाज आला. मयुरी होती, सासरहून सणाला आलेली. “जिजामावशी मले बसनं पुस्तकं धाडते. वाचनालयात पाय नाई ठेवला, पन वाचनं नाई सोडलं.”

मग काय, एक उठली, दोन उठल्या, बायकांची रांगच. भैयाजी जिजाबाईंकडे वळले.

“मह्याकडं काऊन पाहून राह्यले?” जिजाबाई म्हणाल्या. “तुमाले लाल खुणा पाह्यजे होत्या. देल्या.”

भैयाजींचा चेहरा उतरला. “तीन वर्षं,” ते म्हणाले. “तीन वर्षं मी या रजिस्टरवर... चौतीसदा नेलेलं पुस्तक एकदाही कोणी वाचलं नाही?”

“कसं वाचणार, बाबा?” मेघा काकुळतीनं म्हणाली. त्यांची समजूत पटावी एवढंच तिच्या मनात होतं. “त्याची पानंच कापलेली नाहीत. प्रस्तावना संपली की पुढे सगळी जोडलेली. पुस्तक आलं तसंच आहे. कोणीच वाचलेलं नाही.”

आणि बोलून गेल्यावर, त्या दिवशी नंदिनीला पायांवर झोपवताना अर्धवट राहिलेला विचार तिच्या डोक्यात पुढचं पाऊल टाकून मोकळा झाला.

समितीचे अण्णाजी पुढच्या रांगेत होते. भले गृहस्थ, पण जीभ भली नव्हती. त्यांनी खंड हातात घेतला, पानांत बोट घालून बघितलं, आणि विचारलं, “भैयाजी, हा वातीचा दाखला कोनत्या पानावर आहे जी?”

“पाचव्या,” भैयाजी सवयीनं म्हणाले.

“आन् त्याच्या पुढचा एखादा?”

 मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कोणी. हे तेच हसू होतं, मयुरीच्या वेळचं. मेघाला वाटलं, फरशी फाटावी. असं नव्हतं व्हायचं. कप्पा वाचवायचा होता, बाबांना नव्हतं उघडं पाडायचं. ते उभे होते, हातात लाल पेन, आणि चष्म्यावरून कोणाकडेच बघत नव्हते.

तेव्हा शोभाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. दाराशी गेल्या. काट्याला लटकलेल्या गठ्ठ्याची सुतळी त्यांनी दातानं सैल केली.

“शोभाबाई, वजन चालू आहे ना...” बंडूजी म्हणाले.

“तुमचं चालू ठेवा. मले एकच पाह्यजे.”

त्यांनी मांजर ओढून काढलं, एक्केचाळीसवं पान शोधलं, आणि विहाराच्या मधोमध उभ्या राहून बोट ठेवलं. पदर डोक्यावरून सरकला, तो सावरला नाही.

“मांजराच्या,” त्या म्हणाल्या. श्वास घेतला. “मांजराच्या गळ्यात... लाल... दोरी होती. आनि त्या दोरीले...” बोट थांबलं. “दो-री-ला. एक किल्ली. बां-ध-लेली होती.”

हसू जिथल्या तिथे विरलं. पोरं सतरंजीवरून पुढे सरकली. शोभाबाईंनी मान वर केली नाही. बोट पुढच्या ओळीशी येऊन थांबलं होतं. मेघाला माहीत होतं त्या कशाची वाट बघत आहेत. सुस्काऱ्याची.

भैयाजींचे ओठ दोनदा हलले. चाळीस वर्षं त्यांच्या तोंडात जी गोष्ट बसली होती तीच बाहेर आली, पण शाळेची भाषा मात्र कुठे गळून पडली होती कोण जाणे.

“पुढचं वाच,” ते म्हणाले. “वाच, शोभा. घाई नोको करू.”

शोभाबाईंनी पुढचं वाचलं. एक पान वाचायला त्यांना बारा मिनिटं लागली. कठीण शब्द आला की अख्खा विहार मनातल्या मनात तो उच्चारायचा आणि त्यांना तो सापडला की सगळ्यांचा श्वास सुटायचा. बंडूजींनी काटा खाली ठेवला आणि गठ्ठ्यावरच बसकण मारली. पान संपलं तिथे किल्ली तिजोरीला लागत नव्हती. शोभाबाईंनी पुस्तक मिटलं.

“असं कसं?” बंडूजी ओरडले. “मंग किल्ली कायची होती?”

“मले का मालूम? मी एवढंच वाचलं आहे.”

बंडूजींनी त्या दिवशी रद्दी नेली नाही. जाताना जिजाबाईंना हळूच विचारलं, अल्लीपूरच्या माणसाला सभासद होता येतं का.

घरी जाताना भैयाजी पुढे, बाकीच्या मागे. मेघा ऐकून घ्यायची तयारी करून चालली होती. अंगणात पोचल्यावर ते वळले.

“तू खोटं लिहून घेतलंस, ते वाईट केलंस.”

“हो, बाबा.”

“मी न वाचता सांगत फिरलो.” ते थांबले. “तेही.” मग चप्पल काढली, आवाज करत, आणि स्वयंपाकघरातला चाकू मागितला.

तेव्हापासून दुपारी ओसरीवर तिघं असतात. खाटेवर बसून भैयाजी खंड तिसऱ्याची पानं कापतात. रोज दोन पानं कापतात आणि दीड वाचतात. पलीकडे शोभाबाई बोट ठेवून मांजराचा माग काढतात, आणि मेघा, जी आता नुसती ऐकणारी झाली आहे, तूर निवडते. खडे डाळीत परत टाकते.

“काय म्हंते विवेक?” शोभाबाई मध्येच विचारतात.

“कठीण आहे.”

“मंग सोडून द्या. खालच्या कप्प्यातलं घ्या एखादं.”

“मी असलं वाचत नाही,” भैयाजी म्हणतात, आणि दुसरं पान कापतात. मोठ्यानं ते आता रजिस्टर वाचत नाहीत. नवे दोन संचही मागवले नाहीत. पण रविवारी एकटे बसून ते रजिस्टर तपासतात, ती सवय जायची नाही.

कार्यक्रमानंतरच्या रविवारचं तपासणं झाल्यावर मेघा पुस्तक बदलायला गेली तेव्हा जिजाबाईंनी तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. मेघाच्या नावापुढे ‘वकिलीणबाईंचा दुसरा नवरा’, पुन्हा नेलेला, पण या वेळी खरं तेच लिहिलेलं, आणि खूण नाही. बरं, बघणंही नाही. एवढं पुष्कळ झालं. त्याच्या खाली जिजाबाईंच्या अक्षरात नवीन नाव होतं. शोभाबाई. ‘सातव्या मजल्यावरचं मांजर’. त्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण, इतकी दाबून काढलेली की मागच्या पानावर उमटली होती.

मेघानं नंदिनीला जिजाबाईंच्या मांडीवर टाकलं आणि रजिस्टर घेऊन घरी धावली. शोभाबाईंनी ओळीखाली बोट फिरवलं, स्वतःचं नाव वाचलं, मग मांजराचं, आणि खुणेपाशी आल्यावर बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

“पाह्य वं,” त्या म्हणाल्या. “अजून अर्धं बी नाई झालं, आन् मास्तरनं पास बी करून टाकलं.”